दत्ताराम गुरवाचा उलटा प्रश्न

देवासमोर तोंड उघडण्याआधी माणसाने आपलं डोकं झाडून घ्यावं, असं दत्ताराम गुरवाचं रोखठोक मत. ते तो कुणाच्याही तोंडावर सांगायचा, मग समोर सरपंच असो नाहीतर मुंबईहून स्वतःच्या गाडीने आलेला चाकरमानी असो. वालावलच्या खाडीपलीकडे करंजवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या रवळनाथाच्या देवळात तो एकतीस वर्षं कौल लावतो. वय साठ, अंगाने काटकुळा, आणि तोंड असं फटकळ की देवच त्याला सांभाळून घेतो म्हणायचं.

कौल म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. ऐकायला सोपं आहे. पण पाकळी कुणीही चिकटवेल हो, प्रश्न घालणं येरागबाळ्याचं काम नाही, आणि दत्तारामाचं सगळं कसब तिथेच होतं.

एकदा एक चाकरमानी आला आणि हात जोडून म्हणाला, "देवा, घाटकोपरची खोली विकू की गावचं घर बांधू, धाकट्याचं लग्न यंदा होईल का, आणि चुलत्याने बळकावलेली बाग परत मिळेल का?" दत्तारामाने पाकळ्या खाली ठेवल्या. "मेल्या, चार प्रश्न एका पाकळीर घालतंस? देव खंयच्या प्रश्नाचा उत्तर देतलो? आणि दिल्यान तरी तुका कळतला कसा? घरी जा, एक काय तां ठरव, मगे ये." तो बिचारा बायकोदेखत लाल झाला. दुसऱ्या दिवशी मात्र एकच प्रश्न घेऊन आला.

दत्तारामाची दुसरी सवय लोकांना अधिक टोचायची. उजवी पाकळी पडली, माणूस खूश होऊन उठायला लागला, की हा त्याला धरून खाली बसवायचा आणि तोच प्रश्न उलटा घालायचा. आधी "ही सोयरीक करू काय?" असं विचारलं असेल, तर मग "ही सोयरीक सोडून देऊ काय?" दोन्ही वेळा उजवीच पडली तर हात झटकून मोकळा. म्हणायचा, "तुज्या मनात गोंधळ आसा, देवाच्या नाय. उद्या बघूया." लोक कुरकुरायचे, एकदा होय मिळाल्यावर परत कशाला? त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "कित्याक म्हंजे? तुका होयच ऐकूचा होता. तू प्रश्नच तसो घातलंस."

आता असा हा माणूस, जगाला प्रश्न शिकवणारा, स्वतःवर वेळ आली तेव्हा चार वर्षांच्या पोरासारखा फसला. त्याचीच ही गोष्ट आहे.

दत्तारामाची एकुलती एक लेक गौरजा. ती इन्सुलीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. मुलगी गोरी, गुबगुबीत, आवाज असा की आळीभर कळावं. पण दोन्ही पाय घोट्यापासून आत वळलेले. दोन्ही तळवे एकमेकांना नमस्कार करत असल्यासारखे समोरासमोर. सरळ करायला जावं तर पाय थोडा हलायचा आणि सोडला की पुन्हा तिथेच. दवाखान्यातली एक सिस्टर जाता जाता म्हणाली, "पोटात आखडून बसलं होतं, मालिश करा, सुटतील." काही पोरांचे सुटतातही म्हणे. तेवढ्या एका वाक्याच्या आधारावर हे कुटुंब घरी आलं.

घरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला यशोदा यायची. गावातली निम्मी पोरं तिच्या मांडीवर न्हायलेली. तिने बाळाचे पाय बघितले, दोनदा चाचपले आणि मग म्हणाली, "माज्या हाताखालसून जातली तां सरळ होऊन." झाली मालिश सुरू. सकाळ-संध्याकाळ कोमट खोबरेल. बाळाला ते आवडायचं, हे मात्र खरं. मालिश चालू असताना ती टुकूटुकू बघत पडून राहायची. बाराव्या दिवशी बारसं झालं, नाव ठेवलं रेवा. पाळण्यात घालताना गौरजाने तिचे पाय दुपट्यात असे गुंडाळले की आलेल्या एकाही बाईला दिसू नयेत. दत्तारामाने ते पाहिलं.

जावई यज्ञेश गोव्यात नोकरीला, रविवारचा येणारा. त्याने मागच्या चतुर्थीला सासऱ्याला एक चांगला फोन दिला होता. दत्तारामाने तोवर त्यात भजनं ऐकली होती आणि कोकण रेल्वेच्या वेळा बघितल्या होत्या. बारशाच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो पडवीत चष्मा लावून बसला, आणि एका बोटाने टाईप करू लागला. काय टाईप केलं, तर हे: "माझ्या मुलीला पहिली मुलगी झाली असून तिचे दोन्ही पाय आत वळलेले आहेत तरी काय करावे व कोणत्या देवाचे काही राहिले आहे का व किती दिवसांत बरे होईल कृपया कळवावे." अर्धा तास लागला. वर "महाशय" घालायचं राहिलं एवढंच!

फोनने त्याला मुलगी झाल्याच्या शुभेच्छांचे एकशे एक संदेश दाखवले. त्याखाली कुलदैवताची माहिती, त्याखाली पायाला भेगा पडल्यास काय करावं ते. दत्ताराम संतापला. "शिरा पडली ह्याच्या तोंडार! मी काय इचारतंय, ह्यो सांगता काय!" आपणच तीन प्रश्न एका पाकळीवर घातलेत, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग त्याने प्रश्न आटोपशीर केला: "मालिश केल्याने बाळाचे पाय सरळ होतात का". आणि काय सांगू, उत्तरांचा पाऊस पडला. होतात, नक्की होतात, एकवीस दिवसांत होतात. सगळ्यात वर एक पान होतं, त्यावर हसणाऱ्या बाळाचं चित्र आणि एका तेलाची बाटली. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, प्रायोजित. आता दत्ताराम देवळातला माणूस. त्याच्या जगात जो सगळ्यात वर बसतो तो मानकरी, आणि ज्याच्या नावाला काहीतरी बिरूद असतं तो मोठा मानकरी. प्रायोजित म्हणजे कुणीतरी मान दिलेला, पारखून बसवलेला, असा त्याने सरळ अर्थ लावला. पैसे मोजून पहिल्या रांगेत बसता येतं, हे त्याच्या डोक्यात येणार तरी कुठून? रवळनाथाच्या पालखीत तसं कधी झालं नव्हतं.

"गावला," त्याने बायकोला, शेवंतीला, हाक मारून सांगितलं. "मालिशच सांगता. तेल तेवढा ह्या होया." शेवंतीने देवाला हात जोडले. तेल आलं. त्याला कापराचा वास होता. यशोदाने नाक मुरडलं, पण लावलं.

एकवीस दिवस होत आले. पाय तस्सेच. आता ते हाताला थोडे अधिक घट्ट लागत होते, असं गौरजाला वाटायचं, पण ती बोलायची नाही. बोललं तर ते खरं होईल, अशी तिला भीती. दत्ताराम रोज सकाळी देवळात जाण्याआधी दुपटं उचलून बघायचा, आणि रोज म्हणायचा, "काल परास बरा आसा." खोटं बोलताना तो लेकीकडे बघत नसे.

चौतिसाव्या दिवशी बर्नादेत टीचर बाळ बघायला आल्या. चॅपेलकडच्या चार ख्रिस्ती घरांपैकी एक घर त्यांचं. मालवणात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. दत्तारामाहून फटकळ बोलणारं माणूस गावात एकच, ते म्हणजे ह्या. येताना डबाभर दोदोल, ती नारळ-गुळाची मऊ मिठाई, आणली होती, आणि स्वतःच्या हाताने विणलेले पिवळ्या लोकरीचे दोन इवलेसे मोजे. "बघूया गो बाय, पाय खंय तुजे," म्हणत त्यांनी दुपटं सोडलं. गौरजाला थांबवायला वेळच मिळाला नाही.

मोजा पायात जाईना. टीचरनी एकदा घातला, तो बोटांवरून निसटला. दुसऱ्यांदा घातला, टाच मोज्याच्या टाचेत बसेना. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केलाच नाही. मोजे हातात धरून त्या बाळाच्या पायाकडे बघत राहिल्या, आणि गौरजाला इतके दिवस आवरलेलं रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन रडली पोर. "टीचर, ही चलतली मां? माका कोणी सांगत नाय. ही चलतली मां?"

टीचरनी तिला जवळ घेतलं, आणि तिच्या डोक्यावरून दत्तारामाकडे बघितलं. "कोणाक दाखवलंस?"

"फोनात बघलंय, टीचर. मालिशच सांगता. तसा तेलय मागवलंय."

"काय इचारलंस फोनाक? दाखव माका."

दत्तारामाने दाखवलं. टीचरनी चष्मा वर करून वाचलं, आणि फोन असा त्याच्या मांडीवर टाकला की बाळ दचकलं. "दत्तारामा, मेल्या, ह्यो प्रश्न झालो? मालिशीन सरळ होतत काय म्हणून इचारलंस, तेका मालिशच सांगूची लागतली! तू देवळात कोणाक असो प्रश्न घालूक देतंस? आणि ह्यो वर बसलो तो मानकरी न्हय रे बाबा, पैसे देवन बसलो तो. तेका तेल इकूचा आसा."

"मगे तुमीच सांगा, काय करूचा तां."

"माका काय म्हायत? मी पोरांका बेडूक शिकवलंय. ह्या पायांचा माका कळणा नाय, आणि कळता असा मी सांगूचंय नाय. पण प्रश्न कसो घालूचो तां तुका कळता. साऱ्या गावाक शिकवतंस, आता सोताक शिकव."

 दत्तारामाने फोन मांडीवरून उचलून पालथा ठेवला. चौतीस दिवस. आपण इतरांना ज्या चुकीसाठी उंबऱ्यावरून परत पाठवतो, ती चूक आपण आपल्या नातीच्या पायांवर केली, हे त्याला आत कुठेतरी सुरी लागल्यासारखं कळलं. लाज वाटली. नुसती लाज नाही, भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून तो पडवीत बसला. पण ह्या वेळी देवळात बसतो तसा, पाय आवळून, पाठ ताठ. गौरजा बाळाला घेऊन शेजारी बसली.

"पयला, एकच प्रश्न," तो स्वतःशीच म्हणाला. "बरा कसा होतला तां मागसून. आदी ह्याचा नाव काय? नाव म्हायत नाय तर साद कोणाक घालूची?" त्याने टाईप केलं: "नवजात बाळ पाय आत वळलेले डॉक्टर काय म्हणतात". वर प्रायोजित लिहिलेली दोन पानं त्याने बोटाने वर सरकवली, देवळात रांग मोडून घुसणाऱ्याला बाजूला करावं तशी. खालच्या तीन-चार पानांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आला, क्लबफूट. सोबत चित्रं होती. गौरजाने वाकून बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, "बाबा, ह्ये आमच्या रेवाचेच पाय!" कुठल्या कोण देशातल्या बाळाचे ते पाय, पण अगदी तस्सेच. ह्या आजाराला नाव आहे, तो आणखी कुणालातरी होतो, एवढं कळल्यावरच त्या पोरीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग दुसरा प्रश्न, नुसता: "क्लबफूट उपचार". आता प्रत्येक पानावर आधी तो खाली जाऊन बघायचा, लिहिणारा कोण, कुठला, आणि त्याला काय विकायचं आहे. तेलवाला, पायाचे पट्टे विकणारा, चमत्कारी बाबा, सगळे बाजूला केले. मुलांच्या मोठ्या रुग्णालयांची आणि सरकारची पानं तेवढी उघडली. काही इंग्रजीत होती, ती गौरजाने वाचली. सगळीकडे गोष्ट तीच होती. पाय हळुवार वळवून दर आठवड्याला प्लास्टर घालायचं, पाच-सहा वेळा, मग टाचेमागची शीर जराशी सैल करायची, आणि पुढे काही वर्षं झोपताना खास बूट. हाडं कोवळी असतात तोवर सुरू केलं तर उत्तम. पोरं चालतात, धावतात.

"होय म्हणता," गौरजाचे डोळे भरले. "बाबा, होय म्हणता."

"थांब," दत्ताराम म्हणाला. "उलटो घालूया."

आणि त्याने उलटा प्रश्न घातला: "क्लबफूट मालिशने बरा होत नाही". त्यानंतर: "क्लबफूट प्लास्टर धोके". ह्या वेळी डावी पाकळी पडली तर? धोके लिहिलेले होते. प्लास्टर सैल होऊ शकतं, त्वचा लाल होऊ शकते, आणि बूट घालायचा कंटाळा केला तर पाय पुन्हा वळू शकतात. पण 'करू नका' असं कुठल्याच शहाण्या माणसाने लिहिलेलं नव्हतं. मालिशीबद्दल मात्र उत्तर सरळ होतं, नुसत्या तेलाने हा पाय सुटत नाही. सरळ विचारा, उलटं विचारा, उत्तर एकच येत होतं. दत्तारामाने फोन खाली ठेवला, तेलाची बाटली उचलली आणि परसात नेऊन माडाच्या बुंध्याशी ओतली. यशोदा तेवढ्यात आली, तिने ते बघितलं आणि खाली बसली. "माका पयल्या दिवशीच वाटला होता गो," ती हळूच म्हणाली. "बोलूक धीर झालो नाय."

शेवटचा प्रश्न राहिला होता, कुठे? "क्लबफूट मोफत उपचार सरकारी रुग्णालय", आणि पुढे जिल्ह्याचं नाव. एक यादी निघाली. घरापासून दोन तासांच्या वाटेवर एक सरकारी दवाखाना, गुरुवार हा ह्या पोरांचा वार. फोन नंबरही होता. तो नंबर आणखी एका सरकारी पानावर तसाच सापडेपर्यंत दत्तारामाने लावला नाही. पलीकडून एक बाई बोलली. त्याने ऑफिसातली मराठी काढली आणि एका दमात सगळं सांगितलं.

"बाळ किती दिवसांचं?"

"पस्तीस. मॅडम, उशीर झाला का?"

"नाही हो आजोबा, होतं व्यवस्थित. पण आता आणखी दिवस घालवू नका. उद्याच या."

उद्या गुरुवार. पण सरळ मार्गाने घडेल ती गोष्ट कसली! त्याच संध्याकाळी गौरजाची सासू शुभदा इन्सुलीहून येष्टीने येऊन दाखल झाली. लेकाने तिला फोनवर सांगितलं होतं. बाई वाईट नव्हती, नातीवर जीव होता तिचा. पण महिन्याच्या पोरीच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर, ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. आल्या आल्या तिने पिशवीतून नारळ आणि फुलं काढली.

"व्याह्यांनू, माका काय तुमचो फोन कळणा नाय. देवाक इचारा. कौल लावा. देवान होय म्हटल्यान तर खुशाल नेवा. नायतर माजो नातू मी अशा लोकांच्या हातात देवची नाय." नात असली तरी लाडाने ती नातूच म्हणायची.

शेवंती म्हणाली, "बरोबर आसा. इचारूक काय हरकत?" शेजारपाजारचे चार जण जमले, त्यांनीही मान डोलावली. गुरवाच्याच घरची गोष्ट, आणि कौल नको? गौरजा दाराशी बाळाला छातीशी धरून उभी होती. ती बापाकडे अशी बघत होती की दत्तारामाला ते बघवेना.

तो नारळ घेऊन देवळात गेला. मागोमाग सगळे. गाभाऱ्यात समई लावली, पाषाणाला पाणी घातलं, पाकळ्या हातात घेतल्या. एकतीस वर्षं हात आपोआप चालत आले होते. आज ते मध्येच थांबले.  मग तो उठला आणि पाकळ्या देवाच्या पायांशी ठेवल्या, पाषाणावर एकही लावली नाही.

"कौल लावूचो नाय," तो म्हणाला.

"म्हंजे?" शुभदाचा आवाज चढला. "देवावरचो इश्वास उडालो काय तुमचो?"

"उडालो असतो तर लावलंय असतंय, विहीणबाय. हसत लावलंय असतंय." दत्तारामाने सगळ्यांकडे वळून बघितलं. "आयका. ज्याचा उत्तर माणसाक गावणा नाय, तां देवाक इचारूचा. ह्याचा उत्तर आमका गावला. सरळ इचारलंय, उलटा इचारलंय, धा ठिकाणी इचारलंय. आता परत देवाक इचारूचा म्हंजे काय? पाकळी ओली कमी-जास्त आसली, वारो इलो, नि डावी पडली तर? तुमी चेडवाक घरी ठेवतल्यात. आणि उद्या ती लंगडत ह्या पायरेर येतली तेव्हा कोणाक दोष देतल्यात? देवाक. देव माजो, नातय माजी. दोघांका मी समोरासमोर उभा करूचंय नाय."

 शुभदाने पदराने डोळे पुसले. ती हट्टी होती, पण मूर्ख नव्हती. "मगे नारळाचा काय करूचा?" तिने विचारलं.

"नारळ फोडतंय. गाऱ्हाणा घालतंय. इचारूचा काय नाय, सांगूचा तेवढा." आणि दत्तारामाने हात जोडले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुजा चेडू उद्या जाता. चौतीस दिवस मी चुकलंय, ती चूक माज्या पदरात घाल, तिच्या पायार घालू नको. डॉक्टराच्या हाताक यश दी, नि चलान तुज्या पायरेर येवची बुद्धी तिका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज शुभदाचा होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले, गौरजा, रात्रीच गोव्याहून आलेला यज्ञेश, दत्ताराम आणि, हो, शुभदासुद्धा. डॉक्टर तरुण होता. त्याने पाय हातात घेतला, अंगठ्याने चाचपला आणि हसून म्हणाला, "सरळ येतोय. छान येतोय." प्लास्टर घालताना रेवाने दवाखाना डोक्यावर घेतला, आणि शुभदा बाहेर जाऊन नळाखाली तोंड धूत बसली. पण पुढच्या गुरुवारी प्लास्टर काढलं तेव्हा पाय थोडा उघडलेला होता. डोळ्यांना दिसेल इतका! त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी थोडा. प्लास्टरच्या जड पायांनी रेवा पाळण्यात ठणाठण लाथा मारायची, आणि दत्ताराम म्हणायचा, "पखवाज वाजयता माजी बाय."

सहाव्या गुरुवारनंतर टाचेमागची शीर सैल केली, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवलं. ते उतरलं त्या दिवशी डॉक्टरने बाळाचे दोन्ही पाय टेबलावर टेकवले. दोन्ही तळवे टेबलाला लागले. पूर्ण लागले. गौरजाने ते बघितलं आणि डॉक्टरच्याच पाया पडायला निघाली. तो बिचारा ओशाळून मागे सरकला. मधे पट्टी असलेले खास बूट मिळाले, आधी दिवसरात्र, मग झोपताना, चार-पाच वर्षं. कंटाळा करायचा नाही, असं त्याने तीनदा बजावलं. शुभदाने चौथ्यांदा सगळ्यांना बजावलं.

त्याच दिवशी दवाखान्यात बाकावर एक बाई भेटली, कणकवलीकडची, सोबत तिचा पाच वर्षांचा मुलगा. दोन्ही पाय वळलेले, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालणारा. त्याचंही सुरू झालं होतं, होईल असं डॉक्टर म्हणत होते, पण वेळ लागणार होता. "कोणी सांगितलाच नाय हो," ती बाई म्हणाली. "फोनातय बघितलंव. सगळीकडे तेल, तेल."

येष्टीत दत्तारामाने त्या बाईचं वाक्य सबंध वाट मनात घोळवलं. घरी आल्यावर त्याने गौरजाला बोलावलं. "माजो एक व्हिडिओ काड नि नेटार घाल. मी सांगतंय, तू लिव. वर नाव घालूचा तां डॉक्टराच्या भाषेत नको. आमी जसा इचारलेला, तस्सा घाल. 'बाळाचे पाय आत वळलेत, मालिशीन सरळ होतत काय?' चुकलेलो माणूस चुकलेलोच प्रश्न इचारतलो गो. तेका थंयच गाठूक होया. आणि खाली क्लबफूट घाल, दवाखान्याचो वार घाल, नंबर घाल, माजोय नंबर घाल."

"आणि पयला वाक्य काय बोलतल्यात?" गौरजाने फोन धरत विचारलं.

"नाय. मालिशीन होणत नाय. ह्याच पयला."

व्हिडिओत दत्ताराम कॅमेऱ्याऐवजी लेकीकडेच बघत होता, मधेच एक कोंबडी आडवी गेली, आणि शेवटी तो "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झाला. बर्नादेत टीचरनी बघितला आणि म्हणाल्या, "शर्ट तरी इस्त्री करूचो होतो." पण त्यांनी तो आपल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवला. ते विद्यार्थी मुंबईपासून मडगावपर्यंत पसरलेले.

दोन महिन्यांनी दुपारी दत्ताराम जेवून आडवा होणार तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे एक तरुण मुलगा, आवाजात धाप.

"दत्ताराम गुरव मां? मी प्रीतम, जामसंड्यासून. माका चेडो झालो. तेचे पाय... मी फोनात मालिशीचा इचारलंय, तर तुमी गावलास. ता खरा आसा? खरोच मालिशीन होणा नाय?"

दत्ताराम उठून बसला. "चेडो किती दिवसांचो?"

"आठ."

आठ.  शेवंतीने दारातून विचारलं, कोण म्हणून, तर त्याने नुसता हात वर केला. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही, वाहू दिलं.

"आयकतास मां?" प्रीतम विचारत होता.

"आयकतंय रे झिला. मी नातीचे चौतीस दिवस घालवलंय, तुजे आठच गेले. रडा नको. बायकोक सांग, चलतलो तो, धावतलो. आणि आता माका काय एक इचारत बसा नको, उद्या गुरुवार आसा. पयली गाडी धर."